वगळायचे कोणाला?

भारतीय क्रिकेट संघाची निवड जाहीर झाली की कोणाला घ्यायला हवे होते, हे सांगणारी माणसे बाजारातल्या प्रत्येक ओट्यावर भेटतात. मग काढायचे कोणाला, असे विचारले की त्यांतल्या निम्म्या जणांना घरची कामे आठवतात. महाडच्या बाजारपेठेत आमच्या कापडाच्या पेढीवर या विषयाची बैठक माझ्या लहानपणापासून भरत असे. चौविहार आटोपून वडील पुन्हा गादीवर येऊन बसत, गिऱ्हाईक तुरळक झालेले असे आणि ओट्यावर नेहमीचे पाच-सात जण जमत. नगरपालिकेतले एक कारकून, तालुक्याच्या शाळेतले एक गुरुजी, मोहल्ल्यातले सुक्या मासळीचे व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू, आणि आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू. बैठकीचा नियम वडिलांनी घातला होता. तोंडी सौदा चालणार नाही. ज्याला आपला खेळाडू संघात हवा असेल त्याने तो वहीत लिहावा, आणि त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात, त्याच्यासाठी कोणाला बाहेर काढणार तेही लिहावे. जमेची बाजू भरली आणि नावे बाजू कोरी ठेवली तर ती नोंद वडील मानत नसत.

वही म्हणजे जुन्या रोजमेळाची उरलेली पाने. लाल बासनातली, उभी बांधलेली. आमचा मुनीम तीत रेघा मारून देई. संघ आकाशवाणीवर जाहीर होण्यापूर्वी नोंद झाली पाहिजे, नंतरचे शहाणपण जमेस धरायचे नाही, असाही एक पोटनियम होता. व्यापारी माणसाला यात नवल वाटणार नाही. भाव चढल्यावर ‘मी म्हटलेच होते’ असे सांगणारे बाजारात काही कमी नसतात.

आपल्या गावाचे या बाबतीत एक वेगळेपण होते. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक वाडीतला एक तरी माणूस मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी कोणाच्या दुकानात. त्यामुळे मन मुंबईच्या संघात गुंतलेले. क्रिकेटच्या कागदोपत्री मात्र आपला जिल्हा, तेव्हाचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड, पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. गावातला एखादा पोरगा खरोखरच पुढे गेला असता तर त्याला रणजी सामन्यात मुंबईविरुद्ध उतरावे लागले असते. म्हणून ओट्यावर ‘आपला’ हा शब्द निघाला की भांडण ठरलेले. कारकुनांचा आपला म्हणजे मुंबईचा. गुरुजी पुण्यात शिकलेले, त्यांचा आपला म्हणजे महाराष्ट्राचा. चाचांचा आपला जामनगरहून आलेला सलीम दुराणी. आणि वडील मिश्कीलपणे विचारत, ‘मग आमचा कोण? आमचे पणजोबा मारवाडातून उंटावर बसून आले, आता आम्ही राजस्थानच्या बाजूने लिहायचे की कुलाब्याच्या?’

माझ्या आठवणीतली पहिली मोठी बैठक १९७१ च्या प्रारंभीची. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडींचे नवाब बरीच वर्षे कर्णधार होते. निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले. मर्चंट मुंबईचे, वाडेकरही मुंबईचे. शिवाय एक जुने खाते होते. १९४६ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधारपद या नवाबांच्या वडिलांना मिळाले होते आणि मर्चंट उपकर्णधार होते. पंचवीस वर्षांपूर्वीची बाकी सव्याज वसूल झाली, असे तेव्हा देशभर अनेक जण बोलत होते. आमच्या ओट्यावरही कोणीतरी बोलले. वडिलांनी त्यावर एवढेच विचारले की हेतूचा हिशेब तुम्ही कशावरून मांडता, तुमच्याकडे पावती आहे का? मर्चंट हे गिरणीमालकाच्या घरातले, कापडाच्या धंद्यातले म्हणून वडील त्यांची बाजू घेतात, असा आरोप काकांनी हसत हसत केला. त्यात तथ्य असावे.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सुनील गावसकर नावाच्या नवख्या फलंदाजाने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. ज्याला संपल्यात जमा धरले होते त्या दिलीप सरदेसाईने ६४२ काढल्या. मालिका आपण जिंकलो आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडलाही त्यांच्या घरी हरवले. पण माझ्या मते त्या निर्णायक मताचे मोल या विजयावरून ठरवणे योग्य नाही. माल खपला म्हणून तो पारखून घेतला होता असे सिद्ध होत नाही. कधी हंगामच चांगला असतो. मत टाकले त्या दिवशी मर्चंट यांच्यासमोर जे होते त्यावरच त्यांना तोलले पाहिजे. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने निश्चित लिहावी लागते: कोणाला काढतो आहोत हे त्यांनी झाकले नाही.

त्याच दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना पाठोपाठ बाद करणारा दुराणी पुढच्या इंग्लंड दौऱ्यावर नेला गेला नाही. चाचांनी त्या वेळी चार दिवस ओट्यावर पाय ठेवला नाही. १९७३ च्या जानेवारीत कानपूरच्या कसोटीतून त्याला पुन्हा वगळले, तेव्हा लोकांनी ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ अशा घोषणा दिल्या. पुढच्या मुंबई कसोटीत तो परत आला, पहिल्या डावात ७३ धावा काढल्या आणि नंतर पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. चाचांनी वहीत त्याच्यासाठी प्रत्येक वेळी एका माणसाचा बळी दिला, आणि प्रत्येक वेळी निराळ्या. वडील म्हणत, नोंद नियमात आहे, पण चाचा, तुम्ही एका ठाणासाठी सगळे दुकान विकायला निघालात.

याच सुमारास वहीत तिसरा रकाना आला. तो गुरुजींमुळे.

एका संध्याकाळी कारकून म्हणाले की आता सगळा वशिला माजला आहे, पूर्वी निव्वळ गुण पाहून निवड होत असे. गुरुजी सहसा पहिल्यांदा बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी विचारले, ‘पूर्वी म्हणजे केव्हा?’ आणि मग त्यांनी बाळू पालवणकरांची हकीकत सांगितली. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले होते. चर्मकार समाजातले हे भाऊ. थोरला बाळू डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या क्लबात तो गोलंदाजी करी, गडी बाद करी, आणि चहाची वेळ झाली की त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वदेशीय संघ इंग्लंडला गेला. त्यातल्या जागा पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा वाटून दिलेल्या होत्या आणि कर्णधार पतियाळाचे महाराज. त्या दौऱ्यात बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० मध्ये तो विठ्ठललाही नाकारले गेले तेव्हा भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला.

‘आणि शेठजी,’ गुरुजी म्हणाले, ‘त्याच १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात झाला. आपल्या नगरपालिकेने तो पुढच्या वर्षी मान्य केला. आणि तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला इथे यावे लागले. ते तळे तुमच्या ओट्यापासून किती पावलांवर आहे ते मी सांगायला नको.’ गुरुजींचे वडील त्या दिवशी त्या मिरवणुकीत होते, हे आम्हा मुलांना तेव्हा प्रथम कळले. ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या आजोबांची पेढी तेव्हाही याच बाजारात होती आणि त्या दिवशी बाजाराने काय केले हे वडिलांना माहीत होते. ते त्यांनी आम्हाला पुढे कधीतरी सांगितले, त्या संध्याकाळी नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मुनीमाला बोलावले आणि वहीत आणखी एक उभी रेघ मारायला सांगितली. तिसरा रकाना: वगळण्याचे कारण. अट अशी की कारण असे असावे जे वगळलेला माणूस समोर उभा असता तर त्याच्या तोंडावर वाचून दाखवता येईल.

या रकान्याने वाद मंद झाले, हे कबूल केले पाहिजे. ‘त्याचा मामा मंडळात आहे’ असे लिहिता येईना. ‘आपल्यातला नाही’ असे तर मुळीच नाही. कारकून चिडून म्हणत, ही काय वही आहे की कोर्टातला पंचनामा? पण उठून मात्र कोणी गेले नाही.

आता काकांविषयी. वहीत सर्वांत अधिक वेळा आलेले नाव पद्माकर शिवलकरांचे होते आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी काकांच्या अक्षरात होते. शिवलकर हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज, काकांच्याच वयाचे. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, प्रत्येक बळीमागे विसाहूनही कमी धावा. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला चेपॉकवर, तामिळनाडूने आपल्या फिरकी गोलंदाजांसाठी राखलेल्या खेळपट्टीवर, त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३, तामिळनाडूच्या ८० आणि ६१. सामना तिसऱ्या दिवशी सकाळीच संपला. काकांनी ते वर्तमानपत्राचे पान पुठ्ठ्यावर चिकटवून कपाटाच्या दाराच्या आत लावले होते. एवढे असून भारताकडून शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. एकही नाही.

कारण उघड होते. त्याच काळात, तेच काम करणारा, बिशनसिंग बेदी होता. १९६६ च्या शेवटच्या दिवशी त्याची पहिली कसोटी सुरू झाली आणि १९७९ पर्यंत ६७ कसोटींत त्याने २६६ बळी घेतले. हरयाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे, त्यांचे ७५० बळी, आणि त्यांच्याही वाट्याला कसोटी आली नाही. एका गादीवर एकच माणूस बसू शकतो, आणि बसलेला माणूस उत्तम असेल तर दुसऱ्या उत्तम माणसाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही शास्त्रात सोपे नाही.

काका शिवलकरांचे नाव लिहीत आणि दुसरा रकाना आला की लेखणी थांबवीत. वडील विचारीत, ‘मग बेदीला काढू?’ काका मान हलवून नाही म्हणत. ‘बेदीला कसा काढणार, मोटाभाई? त्याच्यासारखा दुसरा नाही.’ ‘मग तुझ्या शिवलकराला बसवू कुठे?’ यावर काका गप्प. नोंद नियमाप्रमाणे बाद होई. पुढल्या निवडीला ते पुन्हा तीच नोंद करीत. पंधरा-सोळा वर्षांचा मी, हा हट्ट क्रिकेटचा आहे असे समजत होतो.

पेढीवर वडील थोरले म्हणून गादी त्यांची. आणि ते त्या गादीला शोभत होते, याविषयी बाजारात दुमत नव्हते. पण कापडाची जाण काकांइतकी कोणाला नव्हती. ठाण न उलगडता, केवळ काठ बोटांत चोळून ते सुताचा नंबर सांगत. मांजरपाट धुतल्यावर किती आटेल, लुगड्याचा रंग कोणत्या पाण्यात सुटेल, हे ते गिऱ्हाइकाला आधीच बजावत आणि म्हणून खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांच्याकडूनच माल घेत. मुंबईला मूळजी जेठा मार्केटात खरेदीला जायचे ते वडिलांनी, पाठीमागच्या अंधाऱ्या वखारीत ठाणे रचायची ती काकांनी. यात कोणाचा अन्याय नव्हता. दोघे भाऊ एका ताटात जेवत. पर्युषणात संवत्सरीच्या दिवशी दोघे एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत, तेव्हा काकांचा आवाज जरा जड होई, एवढेच.

१९७४ चा नोव्हेंबर आला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे ते वर्ष. चारही संप्रदाय एका ध्वजाखाली, एका प्रतीकाखाली आले होते आणि महाडसारख्या गावीही त्या दिवाळीला वेगळेच तेज होते. गावात आलेल्या एका साध्वीजींनी व्याख्यानात चार भावना समजावून सांगितल्या: मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. प्रमोद म्हणजे आपल्याहून गुणांनी अधिक असलेल्याला पाहून होणारा आनंद. घरी येताना काका म्हणाले, ‘साध्वीजींनी पाचवी सांगितली नाही. आपल्या बरोबरीच्याला पाहून काय वाटावे?’ वडिलांनी ते ऐकले. उत्तर दिले नाही.

त्याच महिन्याच्या २२ तारखेला बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली कसोटी होती, आणि मंडळाने शिस्तीच्या कारणावरून बेदीला त्या कसोटीतून वगळले. दुसरा रकाना आपोआप भरला होता. कोणाचा बळी न देता, कोणाला दुखावता, कोणतेही कारण न शोधता काकांना शिवलकरांचे नाव लिहिता येणार होते. ओट्यावर त्या दिवशी खूप गर्दी. काकांनी लिहिले. पण शेवटच्या यादीत नाव आले ते गोयल यांचे. काका म्हणाले, ठीक आहे, गोयलही तेवढेच लायक आहेत, त्यांचे भाग्य उघडले. आणि सामन्याच्या सकाळी कळले की गोयलही अकरांत नाहीत. ते बारावे. प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर हे तीन फिरकी गोलंदाज खेळणार, डावखुरा एकही नाही. पुण्याच्या हेमंत कानिटकरांचे पदार्पण झाले आणि त्यांनी पहिल्याच डावात ६५ धावा काढल्या म्हणून गुरुजी मनातून सुखावले होते, पण काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

काका त्या संध्याकाळी वहीला हात न लावता बोलले. प्रसन्ना आणि वेंकट, दोघेही एकाच पद्धतीचे, उजव्या हाताचे ऑफस्पिनर. दोघांना एकाच संघात जागा होते. मग दोन डावखुरे एकत्र का खेळू शकत नाहीत? इतकी वर्षे आपण एकमेकांना विचारतो आहोत की शिवलकरसाठी बेदीला काढायचे का. हा प्रश्न कोणी ठरवला? ‘मोटाभाई, तुमच्या वहीत रकानाच असा आहे की एक आत तर एक बाहेर. दुसऱ्या बाजूने मारा करायला कोणी लागतोच ना?’

क्रिकेटच्या दृष्टीने या युक्तिवादाला उत्तर आहे. दोन डावखुरे एकत्र घेतले तर चेंडू एकाच दिशेने वळणार, उजव्या फलंदाजाला ते सोपे जाणार, आणि चंद्रशेखरसारख्या विलक्षण गोलंदाजाची जागा जाणार. वडिलांना हे सर्व माहीत होते आणि एरवी त्यांनी ते ऐकवलेही असते. त्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि दुकान जरा लवकर बंद केले.

पुढच्या अक्षय तृतीयेला पोलादपूरला आमचे दुसरे दुकान उघडले. एस. टी. स्टँडच्या जवळ, रस्त्याला लागून. नावाच्या पाटीवर तीच पेढी, पण गादी काकांची, खरेदी काकांची, खतावणीही त्यांची स्वतंत्र. घरातल्या थोरांनी वडिलांना समजावले होते की पोलादपूर केवढेसे, त्यात भांडवल विभागून काय मिळणार. वडिलांनी त्यांना काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मला त्यांनी एवढेच सांगितले की महाडला घाट एकाच बाजूने उतरत नाही.

खरोखरच पोलादपूरची जागा व्यापाऱ्याच्या नजरेने मोक्याची आहे. आंबेनळीने महाबळेश्वर, कशेडीने खेड-चिपळूण, आणि खाली महाड. तिन्ही बाजूंच्या गाड्या तिथे थांबत. काकांनी दोन वर्षांत आंबेनळीच्या पायथ्यापासून कापडे-उमरठपर्यंतच्या गावांना उधारीवर माल द्यायला सुरुवात केली आणि सुगीला वसुली. बुडीत खाते महाडपेक्षा कमी. तिथल्या ओट्यावरही क्रिकेटची बैठक भरू लागली, पण तिची तऱ्हा निराळी. ड्रायव्हर-कंडक्टर, चाकरमानी, घाटावरचे भाजीवाले. गाडी सुटायला दहा मिनिटे, तेवढ्यात ज्याला जे म्हणायचे ते तो म्हणून जाई. वही तिथे चाललीच नसती. एक जण मुंबईहून संघ ऐकून येई, दुसरा साताऱ्याहून त्यावर टीका घेऊन येई, आणि दोघांची गाठ कधीच पडत नसे. काका दोघांचे निरोप एकमेकांना पोहोचवत. अनेकांतवाद मी पाठशाळेत शिकलो, पण वेगवेगळ्या घाटांनी येणारी माणसे एकाच गोष्टीविषयी किती वेगळे पाहून येतात हे मला पोलादपूरच्या स्टँडवर दिसले.

शिवलकर १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या आपल्या पुस्तकात ज्या खेळाडूंवर लिहिले त्यांत कसोटी न खेळलेले शिवलकर आणि गोयल दोघेही आहेत. २०१७ साली क्रिकेट मंडळाने दोघांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. काकांना या बातम्या मी फोन करून सांगितल्या. ‘उशिरा आलेली उधारी,’ ते म्हणाले, ‘पण जमा करून घ्यावी.’

वही आता नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी एकत्र बाजारात शिरल्या तेव्हा तळमजल्यावरचे काहीच वाचले नाही. कापड सुकवता येते, विकता येत नाही एवढेच. कागदाचा लगदा झाला. चाळीस वर्षांची खतावणी, वडिलांच्या हातचे रोजमेळ आणि त्यांत ही वही. वडील त्यापूर्वीच गेले होते. गुरुजी आणि चाचाही. जी नावे मी इथे लिहिली आहेत ती आठवणीतून, पण त्यांतली एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकेन, कारण पाने मी कितीदा तरी चाळली होती. शिवलकरांचे नाव पहिल्या रकान्यात पन्नासेक वेळा असेल. दुसऱ्या रकान्यात बेदीचे नाव एकदाही नव्हते. काकांच्याच काय, कोणाच्याही अक्षरात.

गेल्या वर्षी ३ मार्चला शिवलकर वारले. मी पोलादपूरला गेलो. काका दुकानात बसत नाहीत, पण सकाळी तासभर गादीवर येतात. सामायिक करून नुकतेच आले होते. वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलेले. त्यांनी त्याविषयी काही बोलणे टाळले आणि माझ्या मुलाने नवीन आणलेल्या कापडाचा काठ बोटांत चोळून पाहिला. ‘यात पॉलिस्टर आहे, गिऱ्हाइकाला सांगून विका,’ म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये मात्र ते बोलले. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, पाऊस पडून उशीर झालेला, आणि काकांची नात त्यांना जागे ठेवून होती. आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. मुंबईच्या पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा काढणारे, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा आणि ३० शतके करणारे, आणि भारताकडून एकही सामना न खेळलेले. त्यांच्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. नातीने विचारले, आजोबा, यांतल्या कोणाला काढून त्यांना घ्यायचे होते? काका म्हणाले, हा प्रश्न मला नको विचारू, मी नापास झालेला आहे.

शफाली वर्मा त्या सामन्यात ८७ धावा आणि दोन बळींची मानकरी होती. ती मुळात संघात नव्हती. प्रतीका रावळच्या पायाला मैदानात दुखापत झाली म्हणून उपांत्य फेरीपूर्वी तिला बोलावले. प्रतीकाने तोपर्यंत ३०८ धावा काढलेल्या. सामना संपल्यावर ती चाकाच्या खुर्चीवरून मैदानात आली, खांद्यावर तिरंगा घेऊन, आणि बाकीच्या मुली तिच्याभोवती नाचू लागल्या. पदके पंधरा जणींची, आणि तिची जागा शफालीने घेतलेली, म्हणून तिच्या गळ्यात त्या रात्री पदक नव्हते.

नात म्हणाली, हे बरोबर नाही. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘मोटाभाईंच्या वहीत हिची ओळ पहिल्या झटक्यात पास झाली असती. आत कोण, बाहेर कोण, कारण काय, तिन्ही रकाने भरलेले आहेत आणि कारण तिच्या तोंडावर वाचता येते. तरी बघ.’ आणि त्यांनी नातीला आवाज मोठा करायला सांगितला.